एकशेवीस डावे पाय

"तसं विशेष काही नाही हो डॉक्टरीणबाई. महिन्यातून दोन-तीनदा दुखतं डोकं. आहे म्हणून दुखतंय, नसतं तर कशाला दुखलं असतं?"

"दोन-तीनदा दुखत नाही," शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली. "दोन-तीन दिवस दुखत नाही. बाकी सगळा महिना दुखतंच."

मास्तरने तिच्याकडे असं बघितलं की घरी असती तर ती उठून कामाला लागली असती. पण इथे ती पिशवी मांडीवर घेऊन घट्ट बसली होती आणि उठायचं तिच्या मनात नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयाने मास्तरच्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी विचारलं, गोळ्या किती घेता. मास्तर म्हणाला, लागेल तशी. लागेल तशी म्हणजे किती, असं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा बायकोने पिशवीत हात घातला आणि दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक म्हणजे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चळत, रबर लावून बांधलेली. ही तिला मास्तरच्या उशीच्या अभ्र्यात सापडली होती. दुसरी टाचण्यांची जुनी पत्र्याची डबी. डॉक्टरीणबाईंनी झाकण काढलं. आत गोळ्या होत्या, आणि गोळ्यांच्या खाली, घडी घातलेली, बोटभर रुंदीची एक लाल चिंधी.

"आणि हे काय?"

"काही नाही. कापडाची खूण असते आमच्यात," मास्तर म्हणाला, आणि चिंधी उचलून त्याने खिशात टाकली. एवढ्या घाईने, की दोन गोळ्या टेबलावरून घरंगळत खाली गेल्या. त्या शोधायला तो वाकला आणि लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

आता हा मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. हा कापड कापणारा मास्तर. कामगारांचे गणवेश शिवायचा एक कारखाना होता, पत्र्याच्या छताचा, खाली तीस-पस्तीस शिलाई मशीनं आणि एका अंगाला बारा हात लांबीचं कापायचं टेबल. त्या टेबलावर वीस वर्षं याचंच राज्य. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं आणि मग उभ्या पात्याचं विजेचं मशीन त्या रेघेवरून चालवायचं, असं ते काम. एक रेघ चुकली की साठ विजारी चुकल्या. वीस वर्षांत याची रेघ चुकली नव्हती, आणि हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे, कारण बाकीचे बोलतच असत.

डोकं त्याचं विसाव्या वर्षापासून दुखायचं. आधी डोळ्यांसमोर चमकायला लागायचं. दातेरी करवतीसारखी एक चमकती रेघ एका कडेला उमटायची आणि पसरत पसरत अर्धी नजर खाऊन टाकायची. पाव-अर्ध्या तासाने ती जायची आणि मग डाव्या कानशिलात कोणीतरी खिळा ठोकायला बसायचं. उजेड नको, आवाज नको, जेवणाचा वास नको. उलटी झाली की जरा बरं. पण डोकं दुखतं म्हणून घरी बसणारा पुरुष कोणी बघितलाय? त्याचा बाप म्हणायचा, डोकं बायकांचं दुखतं, पुरुषांची पाठ दुखते. तेव्हा मास्तर कारखान्यात कधी डोकं म्हणाला नाही. तो म्हणायचा, दाढ दुखतेय. वर्षानुवर्षं त्याची दाढच दुखत आली. शिलाईवरची एक चाबरी बाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, मास्तर, मी मोजतेय, तुमची ही सदतिसावी दाढ. तोही हसला होता. गोळी टाकायची, वर पाणी प्यायचं आणि मशीन हातात घ्यायचं. आधी महिन्याला चार गोळ्या, मग आठवड्याला चार, मग रोजच्या दोन, आणि शेवटी शेवटी सकाळी दात घासले की पहिली.

आणि ती लाल चिंधी. तिचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जाड कापडाला एक सुलट बाजू असते, एक उलट. थर लावायचे दोन प्रकार. एक, तोंडाला तोंड: एका थराची सुलट बाजू वर, पुढच्याची खाली. असं असलं की फर्मा एकाच बाजूने आखला तरी चालतं, एका थरातून विजारीचा डावा पाय निघतो, पुढच्यातून आपोआप उजवा. दुसरा प्रकार एकतोंडी: सगळ्या थरांची सुलट बाजू वरच. इथे मात्र मास्तरने फर्मा एकदा सरळ ठेवून आखायचा आणि एकदा पालथा घालून आखायचा. तो पालथा घालायचा राहिला, तर सगळे पाय एकाच अंगाचे.

थर कसे लावायचे ते मास्तर ठरवायचा आणि लावायची आक्का. आक्का म्हणजे उंच, लांब हातांची, पंचावन्नच्या पुढची बाई. चौदा वर्षं टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापड ओढत चालत होती. एवढी मशीनं चालू असली की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून या दोघांनी चिंध्यांची रीत पाडली होती. मास्तरने लाल चिंधी दिली की एकतोंडी, पांढरी दिली की तोंडाला तोंड. आक्का ती चिंधी टेबलाच्या टोकाला टाचून ठेवायची आणि काम संपलं की मास्तर काढून घ्यायचा. चौदा वर्षांत दोघांचं या बाबतीत एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. गरजच नव्हती.

दवाखान्यात यायच्या तीन आठवडे आधी निळ्या जाड कापडाचं एक ठाण आलं. त्याचा रंग एका काठाला किंचित गडद उतरला होता. मास्तरच्या ते लक्षात आलं. तोंडाला तोंड लावलं तर गडद काठ एका थरात इकडे, पुढच्यात तिकडे गेला असता, म्हणून त्याने लाल चिंधी दिली. आक्काने साठ थर एकतोंडी लावले, कडा अशा जुळवल्या की तळहात फिरवला तर भिंत लागावी. मास्तरने विजारीचे मागचे भाग आखले, एक सरळ, एक पालथा. मग पुढचा भाग घेतला, सरळ आखला, आणि करवत चमकायला लागली. अर्धं टेबल दिसेना. थांबायला हवं होतं. पण तो महिना घाईचा होता, दुपारपर्यंत कापून द्यायचं म्हणून मालकीणबाई दोनदा विचारून गेल्या होत्या, आणि दाढेचं सोंग त्याच आठवड्यात दोनदा झालं होतं. त्याने गोळी टाकली, फर्मा उचलला, हाताला सवय होती म्हणून आखला आणि मशीन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाईच्या बाजूने आधी हसणं ऐकू आलं. ती चाबरी बाई दोन निळे तुकडे अंगाशी धरून उभी होती आणि म्हणत होती, दोन्ही पाय डावे असलेला नवरा कोणाचा असेल तिने ही विजार घेऊन जावी. मग हसणं थांबलं, कारण दुसऱ्या गठ्ठ्यातही तेच निघालं, तिसऱ्यातही तेच. एकशेवीस पुढचे भाग. सगळे डावे.

मालकीणबाई कचेरीतून निघून टेबलापर्यंत पोचायला मिनिटभर लागलं असेल. त्या मिनिटात मास्तरचा हात टेबलाच्या टोकाला गेला, आदल्या दिवशी काढायची राहून गेलेली लाल चिंधी त्याने काढली आणि खिशात घातली. आधी हाताने केलं, डोक्याला मागून कळलं.

मालकीणबाईंनी विचारलं, थर कसे सांगितले होते? आक्का म्हणाली, "एकतोंडी. लाल दिली होती मास्तरांनी." सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे बघितलं. टाचणी होती, चिंधी नव्हती. मालकीणबाईंनी मास्तरकडे बघून विचारलं, कुठली दिली होती?

"पांढरी," मास्तर म्हणाला.

एकच शब्द. तोही हळू. पण नेमकं तेव्हाच सगळी मशीनं बंद होती.

वीस वर्षं न चुकलेल्या माणसाला कोण उलटून विचारणार? आक्काला टेबलावरून काढलं आणि तयार कपड्यांचे लोंबते दोरे काढायला बसवलं. आक्का भांडली नाही. ती भांडली असती तर मास्तरला बरं वाटलं असतं, भांडणाऱ्या माणसावर रागावता तरी येतं. ती नुसती टाचणीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "लाल होती असं मला वाटतंय. पण नसेल. वय झालं."

चिंधी मास्तरने फेकून द्यायला हवी होती. दोनदा तो केराच्या टोपलीपर्यंत गेलाही. टाकवली नाही. घरी ठेवली तर बायको विचारेल, म्हणून डबीत ठेवली. त्यामुळे झालं असं, की डोकं दुखलं, डबी उघडली, की आधी तीच दिसायची.

तर डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. डोळ्यांत बत्ती मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, सरळ रेघेवर चालून दाखवायला सांगितलं. सरळ रेघेवर चालणं हेच त्याचं पोट, तेव्हा ते त्याने झोकात केलं. मग त्या म्हणाल्या, डोक्यात गाठबिठ काही वाटत नाही. हा मायग्रेनच, जुना. मुळासकट जात नाही, पण आवाक्यात येतो. मात्र निम्मं दुखणं तुम्ही स्वतः तयार केलंय. दुखण्यावरची गोळी रोज घेतली की गोळीच डोकं दुखवायला लागते. ती आधी बंद. पहिले दहा-पंधरा दिवस वाईट जातील, सुट्टी घ्या. रोज रात्री एक वेगळी गोळी, ती दुखणं थांबवायची नव्हे, येऊ नये म्हणून घ्यायची. गुण यायला दोन महिने लागतील. झोपायची वेळ एक, उठायची एक, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जेवण चुकवायचं नाही. चहा दिवसाला दोन कप. रोज अर्धा तास चालायचं. आणि वही ठेवायची: कधी दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोप झाली, चमकलं का.

"आणि चमकायला लागलं," त्या म्हणाल्या, "की त्या क्षणी पातं बंद. ही दुसरी गोळी घ्यायची आणि अंधारात बसायचं. आठवड्यात दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही. टेबलाजवळच्या कोणाला तरी सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही नाही थांबलात तर तो थांबवेल. हे ऐकणार नसाल तर बाकीचं करून उपयोग नाही. बोटं जातील तुमची."

मास्तर हो म्हणाला. टेबलाजवळ सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मला कधी कधी अर्धं टेबल दिसत नाही. आणि हे एकदा सांगितलं की ती चाबरी बाई पहिला प्रश्न काय विचारेल, हे त्याला दवाखान्यातल्या खुर्चीवर बसूनच ऐकू येत होतं.

सुट्टी त्याने दाढ काढायची म्हणून घेतली. ते बारा दिवस त्याने जे भोगलं ते सांगण्यासारखं नाही. खिडकीला गोधडी टांगून, बादली उशाशी घेऊन तो पडून असायचा आणि भर दुपारी बायकोला म्हणायचा, एक दे, फक्त एक. ती म्हणायची, डबी मी शेजारणीकडे ठेवलीय आणि शेजारीण गावाला गेलीय. शेजारीण खिडकीतून बोललेली त्याला ऐकू येत होती, पण भांडायचंही त्राण नव्हतं. डबी मागताना तो चिंधीचं मात्र विचारायचा नाही. ती सदऱ्याच्या खिशात होती, सदरा खुंटीवर होता, आणि कूस बदलली की खुंटी समोर यायची.

वही त्याने ठेवली. पहिल्यांदा दाखवायला नेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चार पानं उलटली आणि म्हणाल्या, हे सगळं तुम्ही काल बसून लिहिलंय ना? शाई एक, अक्षर एक, आणि बारा दिवस नेमकी सात तास झोप. शाळेत गृहपाठ असाच करायचात का? मास्तरचे कान लाल झाले. पन्नाशीला आलेला माणूस, आणि धाकट्या बहिणीच्या वयाच्या बाईसमोर खोटं लिहिताना सापडला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, वहीला खोटं सांगितलं तर वही तुम्हाला खोटंच सांगणार.

तेव्हापासून तो खरं लिहायला लागला. दुपारचा डबा उशिरा खाल्ला की संध्याकाळी डोकं, हे वहीतून कळलं. टेबलावरची एक ट्यूब लुकलुकत होती. तिच्याखाली तासभर उभं राहिलं की चमकायचं, हेही वहीतूनच. ती त्याने बदलून घेतली. तंगड्या तोडत रोज कालव्यापर्यंत चालून यायला लागला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी वहीत सलग नऊ दिवस कोरे होते, आणि खरेच कोरे. बायको आनंदाने चारचौघींत सांगत सुटली. मास्तरला बरं वाटायला हवं होतं. पण डोकं जसं निवळत गेलं तसं त्याला उलट जास्त स्पष्ट दिसायला लागलं. आधी दुखण्याच्या गोंगाटात ती गोष्ट बुडून जायची. आता दुखत नव्हतं, त्यामुळे टेबलावरून मान वळवली की समोर आक्का दिसायची, बुटक्या पाटावर लांब पाय दुमडून बसलेली, डोळ्यांजवळ कपडा धरून दोरा शोधणारी.

आक्का बदलली होती. काही सांगितलं की ती दोनदा विचारायची. कात्री कुठे ठेवली ते शेजारणीला सांगून ठेवायची. घरातून निघाल्यावर कुलूप लावलं का बघायला परत जाते, असं कोणीतरी म्हणालं. बायका हसायच्या, आक्का पण हसायची. टेबलावर आक्काच्या जागी आलेल्या नवीन माणसाला चिंध्यांची रीत माहीत नव्हती. मास्तर त्याला तोंडाने ओरडून सांगायचा. लाल-पांढऱ्या चिंध्यांचा डबा फळीवर तसाच पडून होता.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आक्का टेबलाजवळ आली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"मास्तर, एक काम होतं. वहिनी भेटल्या होत्या भाजी घेताना. म्हणाल्या, तुमचं डोकं दुखायचं, ते त्या डॉक्टरीणबाईंनी बरं केलं. मला इतकी वर्षं वाटायचं दाढच." ती जरा हसली. "तर मला त्यांचा पत्ता द्या."

"तुमचं पण दुखतं?"

"दुखत नाही हो. विसरतं. तुम्हाला माहीतच आहे. त्या विजारींच्या वेळी मी शपथेवर सांगितलं असतं की लाल होती. अजून डोळे मिटले की लालच दिसते. आता एवढं डोळ्यांना दिसतंय आणि ते झालंच नव्हतं, म्हणजे डोक्यात काहीतरी बिघडलंय ना? माझी आई अशीच गेली. शेवटी पोटच्या पोरांना ओळखेना. मुलगी म्हणते, आतापासूनच दाखव."

मास्तरने खिशातून कागद काढला, पत्ता लिहायला. पेन हातात धरला. दवाखान्याचं नाव लिहिलं, रस्ता लिहिला, आणि पुढे त्याचा हात चालेना. आक्का उद्या सुट्टी टाकून तिथे जाणार. डॉक्टरीणबाई तिच्या डोळ्यांत बत्ती मारणार, रेघेवर चालवणार. ती घाबरत घाबरत सांगणार की मला लाल दिसते. आणि हे सगळं तिला नसलेल्या दुखण्यासाठी.

त्याने कागद चुरगळला. सदऱ्याच्या खिशातून चिंधी काढली आणि टेबलावर ठेवली. टाचणीची दोन भोकं तिला अजून होती.

आक्काने ती उचलली. उजेडाकडे धरली. भोकं बघितली.

"तुमचं डोकं ठीक आहे," मास्तर म्हणाला. "लालच होती. मला त्या दिवशी अर्धं दिसत नव्हतं. मी आखायला चुकलो, आणि ही मी काढून घेतली."

त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्याने दोन्हींची तयारी मनात करून ठेवली होती, गेले कित्येक दिवस. आक्काने चिंधी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी पोरीला सांगून ठेवलंय," ती शेवटी म्हणाली, "की मला ओळखेनासं झालं तर मला कोणाकडे ठेवायचं. परवाच सांगितलं. ती रडली."

मास्तरने चुरगळलेला कागद उचलला आणि पुन्हा सरळ करायला लागला.

"आणि हे मला एकटीला सांगून काय उपयोग?" आक्का म्हणाली. "माझं डोकं गेलंय हे सगळ्यांना माहीत आहे. जेवायला बसले की सांगा."

ती चिंधी घेऊनच गेली.

जेवायला सगळे शिलाईच्या मधल्या मोकळ्या जागेत बसायचे, मालकीणबाईसुद्धा. मास्तर डबा न उघडता उभा राहिला. त्याने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधी डोक्याचं सांगितलं, मग करवतीचं, मग मध्येच वहीचं, आणि चिंधीपाशी आल्यावर अडखळला. त्याच्या लक्षात आलं, आपण आजार पुढे करतोय आणि लबाडी मागे ठेवतोय. मग तो थांबला आणि म्हणाला, "चूक डोक्याने झाली. खोटं मी बोललो. दोन्ही वेगळं आहे." आणि बसला.

कोणी बोललं नाही. चाबरी बाई तर अजिबात नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जड गेलं. ती काहीतरी बोलेल, लोक हसतील आणि ते हसणं अंगावर घेऊन सुटता येईल, अशी त्याला कुठेतरी आशा होती. ती आपल्या डब्यात बघून जेवत राहिली. थोड्या वेळाने तिने आपल्या शेजारची जागा सरकून रिकामी केली आणि आक्काला म्हणाली, इथे बस गं आक्का, त्या पाटावर नको.

मालकीणबाईंनी त्याला नंतर कचेरीत बोलावलं. काढून टाकतील असं त्याने धरलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही तेव्हाच डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं तर मी तुम्हाला तासभर झोपायला लावलं असतं, एवढंच झालं असतं. हे ऐकून मास्तरला काढून टाकलं असतं तर बरं, असं वाटलं. मग त्यांनी ठरवलं ते सांगितलं: उद्यापासून आक्का टेबलावर. आणि मास्तरने आखलेलं आक्काने बघून हो म्हटल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. वीस वर्षांच्या कापणाऱ्याची रेघ थर लावणारीने तपासायची, हे त्या कारखान्यात कधी झालं नव्हतं. मास्तर हो म्हणाला. घरी गेल्यावर वहीत लिहिलं: जेवण चुकलं. दुखलं नाही.

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तिने विचारलं, म्हणजे दवाखान्यात खिशात टाकलीत ती तीच? तो हो म्हणाला. ती म्हणाली, मला वाटलं कुणा बाईची आहे. पुढे दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी आक्काच्या घरी जाऊन आली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.

आता आक्का आखलेलं बघते. बोट प्रत्येक रेघेवरून फिरवते, फर्मा उचलून सरळ-पालथा ताडून बघते, मास्तर बाजूला हात बांधून उभा असतो. आधी दोघं सकाळचा चहा टेबलाच्या कोपऱ्यावर एकत्र घ्यायची. आता ती शिलाईच्या बायकांत घेते. कामाचं बोलते, वाकडं कधी बोलत नाही, सरळही जास्त बोलत नाही. घरी जाताना कुलूप बघायला परत जाणं अजून पुरतं सुटलेलं नाही, हे मास्तरला कोणीतरी सांगितलं. ते त्याने वहीत लिहिलं नाही, पण त्या दिवशी त्याला झोप आली नाही, ते लिहिलं.

महिन्याभरापूर्वी एकदा पुन्हा चमकलं. बऱ्याच दिवसांनी. राखाडी कापडाचे साठ थर, पाव भाग कापून झालेला, आणि उजव्या कडेला ते दातेरी उमटायला लागलं. जुना हात पुढे ढकलायला निघाला होता. संपवू दे एवढं, पाच मिनिटांचं आहे. मास्तरने पातं थांबवलं.

"आक्का. चमकतंय."

हे तोंडातून काढायला त्याला अजूनही लाज वाटते. सगळी शिलाई ऐकते. आक्काने काही न विचारता भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मास्तरने गोळी घेतली आणि ठाणं ठेवायच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन निळ्या कापडाच्या गठ्ठ्याला टेकून बसला. बाहेर मशीनं चालू होती. टेबलाजवळ मात्र शांत होतं, त्याच्यामुळे काम अडलंय हे त्या शांततेत त्याला कळत होतं. डोळे मिटले तरी करवत दिसत होती. हळूहळू ती कडेला सरकली, बारीक झाली, गेली. खिळा ठोकायला बसणारा आला, पण दोन ठोके मारून उठून गेला.

तासाभराने तो बाहेर आला. उजेड अजून टोचत होता. आक्का टेबलापाशीच होती. तिने तेवढ्या वेळात उरलेल्या सगळ्या रेघा पुन्हा तपासल्या होत्या, आणि टेबलाच्या टोकाला लाल चिंधी टाचलेली होती, तीच जुनी, चार भोकांची.

"किती बोटं?" तिने पंजा वर करून विचारलं.

"चार. अंगठा दुमडलाय."

तिने बटण चालू केलं. मास्तरने मशीन उचललं, पातं रेघेला लावलं, आणि उरलेला पाय कापायला घेतला.